टाळेबंदीत दिवस जातात तेव्हा

२०२०च्या एप्रिल-मेमध्ये ज्याच्या त्याच्या तोंडी एकच तक्रार होती: दिवस जाता जात नाहीत. पत्ते खेळून झाले, कपाटं आवरून झाली, टीव्हीवर रामायण पुन्हा पाहून झालं, तरी घड्याळ सरकेना. आपल्या भाषेची गंमत अशी, की याच भाषेत बाईला ‘दिवस जातात’. आणि ते एकदा जायला लागले की कोणाच्या सांगण्याने थांबत नाहीत. लोकल थांबली, एसटी थांबली, लग्नं लांबली, दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाला. पोटातलं मूल मात्र पुढे ढकलता येत नव्हतं.

२०२०चं कालनिर्णय मी अजून टाकलेलं नाही. त्यावर दुधाचे खाडे मांडलेले आहेत, मार्चच्या चौथ्या आठवड्यानंतर तेही नाहीत. परवा ते काढलं आणि एक हिशेब करत बसले.

बाळंतपणाची तारीख काढायची रीत आशाताईपासून सिव्हिल सर्जनपर्यंत सगळ्यांची एकच. शेवटची पाळी ज्या दिवशी आली तो दिवस धरायचा, नऊ महिने पुढे जायचं, वर सात दिवस मिळवायचे. फ्रान्झ नेगेले या जर्मन डॉक्टरच्या नावाने हा नियम चालतो. आता धरा, २४ मार्च २०२०ला, म्हणजे टाळेबंदीची घोषणा झाली त्याच दिवशी, एखाद्या बाईची पाळी आली आणि मग पुढची आलीच नाही. तिची तारीख येते ३१ डिसेंबर २०२०. त्या अख्ख्या विचित्र वर्षाचा शेवटचा दिवस! मी दोनदा मोजून पाहिलं.

तोच हिशेब उलटा केला तर आणखी मजा. २५ मार्च ते ३१ मे अशी अडुसष्ट दिवसांची देशव्यापी टाळेबंदी. त्या दिवसांत ज्यांची तारीख होती, त्यांची शेवटची पाळी आली होती १८ जून ते २४ ऑगस्ट २०१९च्या दरम्यान. म्हणजे पेरणी, चिखलणी, लावणी. कर्जत-खालापुरात बाया गुडघाभर चिखलात वाकून आवण लावत असतात, ते दिवस.

रायगड म्हटलं की लोकांना अलिबागचा समुद्र आठवतो. कर्जत आणि खालापूर या तालुक्यांत तो नाही. इथे उल्हास आणि पाताळगंगा आहेत, माथेरानचा डोंगर, बोरघाट, फार्महाऊसं, एक्स्प्रेसवे. आणि या सगळ्याच्या कडेकडेने ठाकरांच्या आणि कातकऱ्यांच्या वाड्या. कातकरी कुटुंबाचं वर्ष दोन तुकड्यांचं असतं. पावसाळा वाडीवर, आणि दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेऊन वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर. भट्ट्या पनवेलला, कल्याणला, भिवंडीला, कधी थेट परराज्यात. पाऊस तोंडावर आला की परत. आता वरच्या हिशेबातली बाई त्या वर्षात बसवून बघा. १० जुलै २०१९ची शेवटची पाळी. दिवाळीत चौथा महिना, म्हणजे भट्टीवर निघताना नुकतं पोट दिसायला लागलेलं. आणि तारीख १७ एप्रिल २०२०. टाळेबंदी लागली तेव्हा तिला नववा महिना चालू होता, ती वाडीपासून लांब होती, तिची नोंद एका गावच्या आशाताईकडे आणि ती दुसऱ्याच गावच्या हद्दीत. यात कोणाची चूक नव्हती. दोन कॅलेंडरं एकमेकांवर पडली, इतकंच.

आशाताईच्या पिशवीत एक पट्टी असते, तिचं नाव ‘निश्चय’. गरोदर असल्याची खात्री करणारी. सरकारी योजनांना इतकं नेमकं नाव क्वचितच मिळतं. लघवीचे दोन-तीन थेंब टाकले की पाच मिनिटांत एक रेघ किंवा दोन रेघा. दुसरी रेघ उमटते ती एचसीजी नावाच्या संप्रेरकामुळे. हे संप्रेरक आई तयार करत नाही. गर्भाच्या ज्या पेशींपासून पुढे वार होणार असते, त्या पेशी ते तयार करतात. बाईला अजून नीटशी शंकाही आलेली नसते आणि खसखशीएवढा गर्भ तिच्या शरीराला निरोप धाडत असतो: पाळी थांबव, मी आलोय. सुरुवातीच्या आठवड्यांत हे संप्रेरक दर दोन-तीन दिवसांनी दुप्पट होतं. टाळेबंदीच्या महिन्यांत टीव्हीवर रोज संध्याकाळी ‘रुग्ण दुप्पट होण्याचा कालावधी’ सांगत होते, हा योगायोग मला अजून विसरता येत नाही.

आणि ती लाल रेघ? ती सोन्याची असते. खरोखरच. बहुतेक पट्ट्यांमध्ये सोन्याचे अतिसूक्ष्म कण वापरतात. सोनं इतकं बारीक केलं की ते पिवळं राहत नाही, लालसर दिसतं. त्या कणांना प्रतिपिंडं चिकटवलेली असतात. हवा तो रेणू आला की ती त्याला धरतात, पट्टीवरच्या रेघेपाशी सगळे अडकतात आणि रेघ लाल होते. कोरोनाची रॅपिड अँटिजेन चाचणी हीच हिकमत वापरते. फक्त लघवीच्या जागी नाकातला स्राव आणि संप्रेरकाच्या जागी विषाणूचं प्रथिन. दवाखान्याच्या एकाच टेबलावर दोन पट्ट्या, दोन्हींत दोन रेघा आणि दोन्ही रेघा सोन्याच्या. एकीने घरात पेढे यायचे, दुसरीने घराला पट्टी लागायची.

कोरोनाची चाचणी बाळंतिणीच्या वाट्याला लवकरच आली. २० एप्रिल २०२०ला भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने सांगितलं, की बाधित भागातल्या ज्या बायकांना कळा सुरू आहेत किंवा पाच दिवसांत बाळंतपण अपेक्षित आहे, त्यांची लक्षणं नसली तरी चाचणी करा. चाचणी हवीच होती, पण तिच्यापायी बाई दारात थांबून राहील ही भीतीही खरी होती. १८ मेच्या सूचनेत मग स्पष्ट लिहावं लागलं, की चाचणी झाली नाही म्हणून बाळंतपण किंवा कुठलीही तातडीची शस्त्रक्रिया खोळंबू देऊ नये. सरकारी कागदातलं असं वाक्य वाचताना माझं लक्ष नेहमी एकाच गोष्टीकडे जातं: कुठेतरी खोळंबल्याशिवाय हे कोणी लिहीत नाही.

माता का दगावतात, याचा विचार करताना जगभरचे आरोग्यवाले १९९४ सालच्या एका मांडणीचा आधार घेतात. सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी म्हटलं, की उशीर तीन ठिकाणी होतो. दवाखान्यात जायचं ठरवायला, तिथे पोहोचायला, आणि पोहोचल्यावर उपचार मिळायला. कर्जतच्या नकाशावर बोट ठेवून हे बघण्यासारखं आहे. पहिला उशीर भीतीचा: दवाखान्यात गेलं तर कोरोना होईल, किंवा झालाय असं म्हणतील आणि उचलून नेतील. तिसऱ्याचा एक भाग चाचणीचा, दुसरा खाटांचा. पनवेलचं उपजिल्हा रुग्णालय कोविडसाठी राखून ठेवलं गेलं, मुंबईत नायरही. बाधित बाईची सोय झाली हे चांगलंच, पण एरवी तिथे जाणारी साधी बाळंतीण आता कुठे जाणार, हा प्रश्न रांगेत मागे राहिला.

पण मला सगळ्यात नवल वाटलं ते मधल्या उशिराचं. वांगणी आणि शेलू ही लोकलची लागोपाठची स्टेशनं. वांगणी ठाणे जिल्ह्यात, शेलू रायगडमध्ये. एरवी या दोन स्टेशनांच्या मधे काही आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही. टाळेबंदीत तिथे जिल्ह्याची हद्द उगवली. कर्जतच्या बाईचा जिल्हा कागदोपत्री अलिबागचा, पाऊणशे-ऐंशी किलोमीटरवर, खोपोली-पेण करत. तिची रोजची वाट मात्र लोकलची: बदलापूर, उल्हासनगर, कल्याण, फारच अडलं तर शंभर किलोमीटरवरची मुंबई. इथे लोकल हीच खरी रुग्णवाहिका. ती २३ मार्चपासून बंद. १५ जूनला सुरू झाली ती अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी. सर्वसाधारण बायकांना ठरावीक वेळांत चढायची परवानगी मिळाली २१ ऑक्टोबरला, आणि जिल्ह्याबाहेर जायचा ई-पास रद्द झाला सप्टेंबरच्या सुरुवातीला. वैद्यकीय कारणाला सूट होती हे खरं. पण रात्री दोनला, कळा देणाऱ्या बाईला रिक्षात घेऊन, नाक्यावर ती सूट समजावून सांगायची म्हणजे काय ते सांगणाऱ्यालाच ठाऊक.

आणि हे झालं डांबरी रस्त्यापासून पुढचं. खालापूरची इर्शाळवाडी आपल्याला कळली १९ जुलै २०२३च्या रात्री दरड कोसळली तेव्हा, आणि वर यंत्र नेता येत नाही म्हणून माणसांनी हातांनी माती उपसली तेव्हा. तासाभराहून जास्त चढायची पायवाट. २०२०मध्ये त्या वाडीतल्या गरोदर बाईला चौकच्या ग्रामीण रुग्णालयाकडे उतरायचं तर तीच पायवाट होती.

हा उशीर जिवावर का बेततो, हे कळायला आता वारेकडे येऊ. प्लासेंटाला मराठीत ‘वार’ हा किती जुना, सुटसुटीत शब्द आहे! सुईण बाळ बाहेर आलं तरी उठत नाही. ‘वार पडली का?’ हे विचारल्याशिवाय बाळंतपण संपत नाही. तिचं बरोबर असतं. वार हा शरीरात नव्याने उगवणारा आणि काम झालं की टाकून दिला जाणारा अवयव. साधारण अर्धा किलोचा. बाळाचं फुप्फुस, मूत्रपिंड, आतडं सगळं तोच. त्याला पोसायला बाईच्या अंगातलं रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढतं, आणि दिवस भरत आले की गर्भाशयाकडे मिनिटाला अर्धा ते पाऊण लिटर रक्त धावत असतं. दुधाची पिशवी डोळ्यांसमोर आणा. तेवढं, दर मिनिटाला.

मग वार सुटते, आणि ज्या रक्तवाहिन्या तिला पाजत होत्या त्यांची तोंडं उघडी पडतात. मिनिटाला अर्धा लिटर हा हिशेब धरला तर दहा मिनिटांत खेळ खलास व्हायला हवा. बहुतेक वेळा होत नाही, कारण गर्भाशयाचे स्नायू या वाहिन्यांभोवती आडवेतिडवे विणलेले असतात. वार पडताच ते आवळले जातात आणि प्रत्येक वाहिनीचं तोंड गाठ मारल्यासारखं बंद करतात. कुणी टाका घालत नाही, कुणी पट्टी बांधत नाही. पोटावरून हात फिरवून सुईण गर्भाशय कडक गोळ्यासारखं झालंय का बघते ते याचसाठी. ते मऊ राहिलं तर मात्र वेळ तासांतच मोजायची.

हा सैलपणा आवळणारं औषध म्हणजे ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन. ते २ ते ८ अंश तापमानात ठेवावं लागतं. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि जिल्ह्यातल्या कित्येक गावांत दिवसच्या दिवस वीज नव्हती. साथ, टाळेबंदी आणि वादळ असा तिहेरी योग. वीज गेली की आपल्याला पंखा आठवतो. प्रसूतिकक्षातल्या नर्सला फ्रीज आठवतो. मिसोप्रोस्टॉलच्या गोळीला फ्रीज लागत नाही, आणि अशा भागात तिचं मोल तेवढ्यासाठीच मोठं. त्यात बाईच्या अंगात मुळात रक्त किती? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या गरोदर बायकांपैकी ४५.७ टक्के रक्तक्षयी निघाल्या. महाराष्ट्रातलं ते सर्वेक्षण साथ येण्याआधीच पुरं झालं होतं. म्हणजे सुरुवातच उण्यातून.

ज्यांना मूल नको होतं त्यांचं घड्याळ आणखी कडक. १९७१चा गर्भपाताचा कायदा ज्या समितीच्या अहवालावरून आला, तिचे अध्यक्ष महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा होते, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असतं. २०२०मध्ये तोच कायदा चालू होता: बारा आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत, त्यापुढे वीसपर्यंत दोघांचं. सज्ञान बाईला स्वतःची संमती पुरे, नवऱ्याची सही लागत नाही. पुन्हा कालनिर्णय घेऊ. शेवटची पाळी १० मार्च. सात एप्रिलला यायची ती आली नाही, पण सगळं बंद, आणि ताणानेही पाळी मागेपुढे होते म्हणून आठवडा-दोन आठवडे तशीच गेली. गोळ्यांनी गर्भपात होतो तो पहिल्या सात ते नऊ आठवड्यांत; तो काळ मेच्या मध्याला संपला. बारा आठवडे भरले २ जूनला. दुसऱ्या दिवशी वादळ. वीस आठवडे भरले २८ जुलैला, आणि तेव्हाही लोकलमध्ये तिला जागा नव्हती. ही बाई मी हिशेबापुरती उभी केली आहे, तारखा मात्र खऱ्या आहेत. इपास डेव्हलपमेंट फाउंडेशनने त्या पहिल्या तीन महिन्यांचा देशभराचा अंदाज काढला होता: एरवी झाले असते अशा ३९ लाख गर्भपातांपैकी साडेअठरा लाखांना अडथळा आला. पुढे २०२१मध्ये कायदा बदलला, वीस आठवड्यांपर्यंत एकाच डॉक्टरांचं मत पुरेसं झालं आणि काही ठरावीक बायकांसाठी मर्यादा चोवीसवर गेली.

पाळी न येण्याची ही कथा, येण्याचीही होती. सॅनिटरी पॅड अत्यावश्यक वस्तूंत मोडतात हे केंद्राला २९ मार्चला वेगळं पत्र काढून सांगावं लागलं. बाकी त्यावर काय बोलायचं.

गर्भनिरोधकांपाशी मात्र मला खरी मौज दिसते. टाळेबंदीने त्यांची जणू परीक्षाच घेतली. निरोध आणि माला-एन यांचा साठा संपला की संपलं. नसबंदीची शिबिरं बंद पडली. पण जिने १० फेब्रुवारीला ‘अंतरा’चं इंजेक्शन घेतलं होतं तिचा पुढचा डोस होता ११ मेला, आणि तो चार आठवडे उशिरा घेतला तरी चालतो, म्हणजे ८ जूनपर्यंत. देशव्यापी टाळेबंदी ३१ मेला संपली. एका सुईने अडुसष्टच्या अडुसष्ट दिवस निभावले! ‘छाया’ ही गोळी लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत जन्मली. तिच्यात संप्रेरक नाही, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदाच घ्यायची. आणि तांबी तर सगळ्यांची आजी. ३८० चौरस मिलिमीटर तांबं, दहा वर्षं बिनबोभाट. बाळंतपणानंतर अठ्ठेचाळीस तासांत बसवली तर त्यासाठी डोंगर दुसऱ्यांदा उतरायला नको.

विषाणूने गरोदर बाईचं नेमकं काय केलं, हे शोधायचं काम परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने हाती घेतलं आणि राज्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयांना जोडून ‘प्रेगकोविड’ ही नोंदवही सुरू केली. मार्च २०२० ते जानेवारी २०२१ या काळातल्या ४,२०३ बाधित गरोदर बायका तिच्यात आल्या. त्यांतल्या फक्त १३ टक्क्यांना लक्षणं होती. बाकीच्यांचं कळलं ते चाचणी केली म्हणून. ३४ जणी गेल्या. दुसरी लाट याहून वाईट होती.

गरोदर बाईला हा विषाणू जड का जातो? गरोदरपणी वाढणारं गर्भाशय श्वासपटलाला चार सेंटिमीटर वर ढकलतं आणि फुप्फुसातली शिल्लक हवा कमी होते, त्याच वेळी दोन जिवांसाठी प्राणवायू जास्त लागतो. बाई आधीच खोल श्वास घेत असते. म्हणजे धाप लागणं हे गरोदरपणाचंही लक्षण आणि कोरोनाचंही. म्हणून बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर इतरांच्या बाबतीत ९३-९४ला भुवई वर जायची, तर गरोदर बाईच्या बाबतीत ९५च्या खाली आकडा गेला की हलायचं. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’च्या फेरीत आशाताई ते चिमटं घेऊन दारोदार फिरल्या, तो आकडा वाचायला त्या उभ्या उभ्याच शिकल्या. २ जुलै २०२१ला केंद्राने गरोदर बायकांच्या लसीकरणाला परवानगी दिली, आणि इथे पुन्हा आपली वार पुढे आली. आईच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं ती नुसती झिरपू देत नाही, मुद्दाम धरून पलीकडे पोहोचवते. एकाने टोचून घ्यायचं, दोघांना लाभ.

सिएरा लिओनमध्ये २०१४-१५ला इबोला आला, तेव्हा दवाखान्यांकडे जाणं घटल्यामुळे माता आणि नवजातांचे मृत्यू व मृतजन्म मिळून ३,६०० जादा झाले असा नंतर अंदाज निघाला; खुद्द इबोलाच्या बळींच्या जवळपास तेवढाच आकडा. महाराष्ट्राचं माता-मृत्यू प्रमाण वर्षानुवर्षं उतरत २०१८-२० या काळात लाखामागे ३३वर आलं होतं. २०१९-२१चा आकडा ३८ आहे. हे तीन वर्षांचं एकत्रित मोजमाप असल्याने एका वर्षाची उडी त्यात दबून जाते, हेही लक्षात ठेवलेलं बरं.

राहता राहिली ३१ डिसेंबर २०२०ची ती तारीख. आपल्या राज्यात पहिलीच्या प्रवेशासाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण व्हावी लागतात. नेगेलेच्या नियमाने नेमक्या दिवशी जन्मलेलं मूल २०२६च्या जूनमध्ये पहिलीत बसू शकतं. कळा मध्यरात्रीपुढे लांबल्या असतील, तर पुढच्या वर्षी.